साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम: सहा हजार, अठरा हजार की पस्तीस हजार?

प्रश्न: सांगलीत आमचं साडीचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. महिन्याची विक्री सरासरी सहा लाख, लग्नसराईत जास्त. इन्स्टाग्राम-फेसबुक सांभाळायला तिघांकडून कोटेशन घेतलं. गावातला एक मुलगा ६,००० म्हणतो (१५ पोस्ट, ४ रील). कोल्हापूरची दोघांची एजन्सी १८,००० अधिक जीएसटी (१२ पोस्ट, ८ रील). पुण्याची एजन्सी ३५,००० अधिक जीएसटी (पोस्ट-रील तेवढेच, शिवाय मेसेजना उत्तरं, जाहिराती चालवणं, 'स्ट्रॅटेजी' आणि इन्फ्लुएन्सर). जाहिरातीचे पैसे तिघांचेही वेगळे. एवढा फरक कशामुळे? आम्ही कोणता दर घ्यावा? आणि सासरे विचारतात, यातून गिऱ्हाईक किती येणार, तर त्यांना काय सांगू?

उत्तर:

ताई, तिघांपैकी कुणी तुम्हाला फसवत नाहीये. तिन्ही दर बाजारातलेच आहेत. मी २०१२ पासून हे काम करतेय, बहुतेक कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात. साड्यांची दुकानं, बेकऱ्या, दोन मंगल कार्यालयं, एक ट्रॅक्टरचं शोरूम असं सगळं सांभाळून झालंय. मला आजवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे 'एका पोस्टचे किती?' आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आमच्या धंद्यात माल डझनावर विकतात. बारा पोस्ट, आठ रील, वीस स्टोरी. बुंदीचे लाडू मोजल्यासारखे. पण तुम्ही विकत घेता ते कुणाचे तरी तास. तेव्हा कोटेशन हातात आलं की आधी त्याचे तास काढा. साधी पोस्ट, म्हणजे फोटो, डिझाइन, कॅप्शन आणि तुमची दुरुस्ती धरून तास जातो. रीलला काय दाखवायचं ते ठरवणं, दुकानात येऊन शूट करणं, एडिट, मग 'तो निळा पदर नीट दिसत नाही' म्हणून परत एडिट, असे पाच तास धरा. महिन्याच्या बोलाचालीचे तीन तास.

आता गावातल्या मुलाचं बघा. पंधरा पोस्टचे १५ तास, चार रीलचे २० आणि बोलण्याचे ३, असे ३८ तास. ६,००० भागिले ३८ म्हणजे तासाला १५८ रुपये, आणि त्यातच त्याचा लॅपटॉप, पेट्रोल, इंटरनेट. कोल्हापूरवाल्यांचे ५५ तास होतात, म्हणजे तासाला ३२७. पुण्याच्या एजन्सीचे उत्तरांसाठी रोजचा अर्धा तास आणि जाहिरातींचं काम धरून ७५ तास, तासाला सुमारे ४६७. एवढ्या पैशांत ऑफिसचं भाडं आणि तीन पगार निघतात, त्यामुळे तो दरही अवास्तव नाही.

पण तासाला १५८ रुपयांत कुणी ३८ तास देत नाही, देऊ शकत नाही. तो मुलगा मनानं चांगला असेल, तरी पोट भरायला त्याला अशी दहा दुकानं घ्यावी लागतील. मग तुमच्या पंधरा पोस्टपैकी सात-आठ 'हार्दिक शुभेच्छा' निघतील: एकादशी, जयंती, पुण्यतिथी, जागतिक अमुक दिन. तेच डिझाइन, खाली फक्त दुकानाचं नाव आणि फोन नंबर बदललेला. शुभेच्छांच्या पोस्ट पाहून साडी घ्यायला आलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. आता कॅप्शनही एआयकडून लिहून घेतात, आणि मराठी अशी येते की 'आपल्या सौंदर्याला द्या एक नवा आयाम'. सांगलीत असं कोण बोलतं? 'काठ बघा, दोन बोटं रुंद आहे' असं लिहिलं तर निदान माणसानं लिहिल्यासारखं वाटेल.

दरांमध्ये एवढी दरी पडली, तिला एक तारीखही आहे. २०२०च्या जूनपर्यंत हे काम बहुतेक पोस्टरचं होतं. डिझाइन करणारा एक मुलगा घरी बसून पाच-सहा पेज चालवू शकायचा. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केले. तिथून सगळं व्हिडिओवर गेलं. व्हिडिओ घरबसल्या होत नाही. कुणीतरी तुमच्या दुकानात यावं लागतं, उजेड बघावा लागतो, साडी उलगडावी लागते. पोस्टरचे भाव तेव्हापासून वाढले नाहीत, उलट तयार टेम्पलेट आणि एआयमुळे उतरले. व्हिडिओचे वाढले. म्हणून कोटेशनमधले पोस्टचे आकडे मी बघतच नाही. शूटला कोण येणार, किती वेळा येणार आणि एडिट कोण करणार, एवढंच विचारते.

आता खर्चाची दुसरी बाजू. ती कोटेशनमध्ये कधीच छापलेली नसते.

तुमच्या साडीची सरासरी किंमत ३,००० आणि त्यात सुटणारे पैसे २५ टक्के धरूया (तुमचा खरा आकडा तुम्हाला माहीत, तो घालून बघा). कोल्हापूरवाल्यांचे १८,००० आणि जाहिरातीला १०,००० असे २८,००० झाले. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३३,०४०. एवढे पैसे नफ्यातून भरून काढायला १,३२,१६० रुपयांची जादा विक्री हवी, म्हणजे महिन्याला ४४ साड्या. एकूण ४४ नव्हेत, आज विकता त्याच्यावर ४४. पुण्याच्या एजन्सीबरोबर जाहिरातीला २०,००० ठेवले, तर ६४,९०० होतात आणि जादा साड्या ८७. तुम्ही आज महिन्याला साधारण दोनशे विकता. पहिल्या तीन महिन्यांत त्यात ८७ची भर पडेल असं मी तरी कुणाला लिहून देणार नाही.

हा हिशोब जीएसटी परत मिळणार नाही असं धरून केलाय, आणि त्याला कारण आहे. वर्षाची विक्री दीड कोटीच्या आत असल्यामुळे तुमच्यासारखी बरीच दुकानं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची) असतात. तिथं कर कमी आणि कागदपत्रंही कमी, पण खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. एजन्सीचा आणि जाहिरातीचा १८ टक्के कर सरळ खिशातून जातो. नेहमीच्या नोंदणीत असाल तर तो वजा होतो आणि ४४च्या जागी ३८ साड्यांत भागतं. शिवाय एकट्यानं काम करणाऱ्या ज्या फ्रीलान्सरची वर्षाची कमाई वीस लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर करही नसतो. कंपोझिशनमधल्या दुकानाला हा फरक मोठा पडतो.

इथंच एक जास्त महत्त्वाची गोष्ट सांगते. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. सांगलीच्या दुकानाला पहिले चांगले रील चालले की मेसेज कुठून येतात? बेळगाव, चिकोडी, अथणी. मराठी घरं, सांगलीची सवय असलेली, पण राज्य कर्नाटक. ती माणसं दुकानात येऊन साडी घेऊन गेली तर काही प्रश्न नाही, पण कुरियरनं पाठवलीत की तो आंतरराज्य व्यवहार झाला. इन्स्टाग्राम सुरू करण्याआधी सीएशी हे एकदा बोलून घ्या. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका क्लायंटला हे मी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोंदणी बदलेपर्यंत दिवाळीच्या तोंडावर आलेल्या बाहेरच्या ऑर्डरी हात जोडून परत कराव्या लागल्या. तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारते.

जाहिरातीच्या पैशांबद्दल थोडं. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, जाहिराती लिलावावर चालतात. त्याच सांगलीतल्या बायकांना दाखवण्यासाठी जेव्हा सगळेच बोली लावतात, तेव्हा भाव चढतो, म्हणून दसरा-दिवाळीत तेवढ्याच पैशांत कमी लोकांपर्यंत पोचता. दुसरं, जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा हळूहळू शिकते, आणि ते शिकणं नीट पुरं व्हायला मेटाच्याच सांगण्यानुसार आठवड्यात साधारण ५० परिणाम हवे असतात, मेसेज असो की खरेदी. दिवसाला शंभर-शंभर रुपयांच्या चार जाहिराती लावल्या तर चारही अर्धवट शिकतात. त्यापेक्षा एकच लावा, तिच्यावर तीनशे घाला आणि दहा दिवस हात लावू नका. पोस्टखालचं 'बूस्ट' बटण (पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) आयफोनच्या अ‍ॅपमधून दाबू नका. तिथून केलेल्या बूस्टवर अ‍ॅपलचा ३० टक्के आकार वर पडतो, मेटानं हे २०२४मध्ये अमेरिकेपासून सुरू केलं आणि मग इतर देशांत नेलं. कॉम्प्युटरवरून किंवा ब्राउझरमधून केलं की तो वाचतो. पैसे यूपीआयनं आधी भरून ठेवता येतात, म्हणजे कार्डावरून नकळत जास्त कापले जाण्याची भीती नाही. आणि जाहिरातीचे पैसे एजन्सीच्या खात्यात कधीच देऊ नका. जाहिरात खातं तुमचं आणि पैसे भरणाऱ्याही तुम्हीच. एजन्सीला फक्त ते चालवायची परवानगी द्यायची.

पेजचंही तेच. दुकानाचा गाळा तुम्ही नोकराच्या नावावर कराल का? पण पेज मात्र सर्रास दुसऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका बेकरीचं पेज आधीच्या मुलानं स्वतःच्या खात्यातून उघडलं होतं. तो दुबईला गेला, नंबर बदलला, आणि अकरा हजार फॉलोअर असलेलं ते पेज आजही मागच्या दराच्या केकचे फोटो दाखवत उभं आहे. लोक त्या जुन्या दराचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर भांडायला येतात.

आता पुण्याच्या कोटेशनमधल्या 'मेसेजना उत्तरं' या ओळीकडे येऊ, कारण माझ्या मते तुमचा सगळा निकाल या एका ओळीवर आहे.

साडीचा धंदा रीलवर होत नाही, रीलखालच्या मेसेजवर होतो. बाई विचारते, 'हीच वाइनमध्ये आहे का?', 'ब्लाउज पीस लागून आहे का?', 'डोहाळजेवणाला हिरवी दाखवा, दोन हजारांच्या आत'. याचं उत्तर पुण्यात बसलेला बावीस वर्षांचा मुलगा काय देणार? तो 'हॅलो मॅम, थँक यू फॉर कॉन्टॅक्टिंग अस' पाठवतो आणि तुम्हाला फोन करून विचारतो. तुम्ही गिऱ्हाइकात गुंतलेल्या. संध्याकाळी उत्तर जातं, तोवर तिनं शेजारच्या पेजवरून घेतलेली असते. मी स्वतः हे काम पैसे घेऊन चार वर्षं केलं आणि मग बंद केलं. आमची उत्तरं वेगानं जायची, पण त्यातून विक्री व्हायची नाही. दुकानातल्या तुमच्या सेल्सगर्लला कपाटात काय आहे ते तोंडपाठ असतं. तिला दुकानाचा एक वेगळा फोन द्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घाला (ते फुकट आहे, कॅटलॉगसकट), आणि महिन्याला दोन हजार जास्त द्या. उलगडलेल्या साडीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवायला ती एका दिवसात शिकते. पुण्याच्या ७५ तासांतले १३ तास या उत्तरांचे आहेत. त्यांच्याच दरानं ते काम सहा हजारांना पडतं, आणि तुमच्या सेल्सगर्लइतकं चांगलं होत नाही.

किंमत लिहा. 'किंमतीसाठी डीएम करा' (म्हणजे खासगी मेसेज करा) हे मला मुळीच पटत नाही. व्यापाऱ्यांना वाटतं, समोरचा दुकानदार बघेल. समोरच्याला तुमचे भाव आधीच माहीत असतात. अडते ती बिचारी बाई, जिला दोन हजारांची साडी हवीय आणि पंधरा हजारांची निघाली तर विचारल्याची लाज वाटेल. माझ्या अनुभवात किंमत लिहिल्यावर मेसेज कमी होतात आणि विक्री वाढते. अशी मेसेजची संख्या कमी झाली की एजन्सीवाले घाबरतात, कारण त्यांच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

गाण्याचं थोडक्यात: बिझनेस अकाउंटला सगळी गाणी वापरता येत नाहीत, आणि दुसऱ्या मार्गानं सिनेमाचं गाणं घातलं तर आवाज बंद होतो किंवा हक्कदाराची नोटीस येते. मला एकदा आली आहे. मेटाच्या स्वतःच्या संग्रहातलं संगीत घ्या, नाहीतर सरळ बोला. तुमच्या सासऱ्यांनी काठ बोटानं दाखवत, 'हा कडियल, म्हणजे विणतानाच जोडलेला, आणि हा नुसता लावलेला काठ' असं सांगितलं तर गाण्याची गरजच पडणार नाही. इन्फ्लुएन्सर सध्या नकोच. तुमच्या घेऱ्यात, मिरज-तासगाव-जयसिंगपूरमध्ये, जिचे आठ-दहा हजार फॉलोअर खरोखर याच भागातले आहेत अशी कुणी सापडली तर एक साडी देऊन बघा, आणि ती जाहिरात आहे असं तिला स्पष्ट लिहायला सांगा, कारण २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक खात्यानं तसं मार्गदर्शनच दिलंय. लाखभर फॉलोअरवाल्या पुणेकर मुलीचे प्रेक्षक सांगलीच्या दुकानात यायचे नाहीत.

तर तुमच्या जागी मी काय करीन? तिघांपैकी कुणालाच आत्ता घेणार नाही. कोल्हापूर किंवा सांगलीतलाच लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एखादा मुलगा बघेन. लग्नं नसतात तेव्हा त्यांना काम हवंच असतं आणि साडीवर उजेड कसा पाडायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. महिन्यातून दोन अर्धे दिवस शूट आणि आठ रील, याचे १२,०००. पोस्टची संख्या ठरवायचीच नाही. जाहिरातीला ६,०००, त्यावर जीएसटी १,०८०. सेल्सगर्लला २,०००. एकूण २१,०८०. वरच्याच हिशोबानं यात २८ जादा साड्या लागतात, म्हणजे रोजची एक. सुरुवातीला स्टँड, एक लाइट आणि कॉलरचा माइक मिळून पाच हजारांच्या आसपास लागतील, ते एकदाच. मॉडेल आणू नका. मी आणून पाहिल्या आहेत. सेल्सगर्लनं किंवा तुमच्या नणंदेनं नेसलेल्या साडीखाली जास्त मेसेज येतात, बहुधा बघणारीला स्वतःचं अंग त्यात दिसतं म्हणून.

बाराही महिने सारखा खर्च मात्र करू नका. एजन्सीला महिन्याचं ठरलेलं बिल सोयीचं असतं, तुमच्या धंद्याला ते नाही. आषाढात जाहिरात तीन हजारांवर आणा आणि सेलचे दोन रील पुरेत. गौरी-गणपतीच्या आधी तीन आठवडे आणि लग्नसराईत पंधरा हजारांपर्यंत जा. संक्रांतीच्या काळ्या साड्यांचं शूट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरका. दरवर्षी लोक ८-९ जानेवारीला टाकतात, तोवर बायकांची खरेदी झालेली असते आणि चांगला माल संपलेला असतो.

कुणालाही लावलंत तरी करार तीन महिन्यांचा आणि सोडताना एक महिन्याची सूचना, याच्या पलीकडे जाऊ नका. कच्चे व्हिडिओ तुमच्या पेनड्राइव्हवर यायला हवेत, हे आधीच लिहून घ्या. विशेषतः लग्नाचे व्हिडिओ करणारे ते डिलीट करून मोकळे होतात.

जाहिरातीवर आणि एजन्सीवर मोठा खर्च करण्याची वेळ केव्हा येते, तर सेल्सगर्लला मेसेज झेपेनासे झाले की. तोवर १८,०००वाल्यांचा नंबर जपून ठेवा. कोटेशन पाहता त्यांनी रीलचे आकडे पोस्टपेक्षा मनावर घेतलेले दिसतात, म्हणजे त्यांना काम कळतं.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न, आणि तो तिन्ही कोटेशनपेक्षा शहाणा आहे. फॉलोअर, रीच, व्ह्यूज यातलं काहीही त्यांना सांगू नका. ते विचारतील, 'बिल किती?' आणि त्यांचं बरोबर आहे. गल्ल्यापाशी एक वही ठेवा. प्रत्येक बिलाला एकच प्रश्न: 'आमच्याकडे कसं येणं झालं?' आणि एक खूण. नेहमीचं, कुणी सांगितलं, जाता जाता, मोबाइलवर बघून. पहिला महिना काहीही खर्च न करता नुसती वही भरा, म्हणजे पुढे कशाची कशाशी तुलना करायची ते हाताशी राहील. बरेच जण 'मोबाइलवर' असं सांगत नाहीत, 'मैत्रिणीनं दाखवलं' म्हणतात. मैत्रिणीनं कशात दाखवलं, हे विचारायला सासऱ्यांना शिकवा. वही त्यांच्याच हातात द्या, आणि पेन दोरीनं बांधून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गायब होतं.